विकत आणलेली गाय थेट दावणीला नको

महोदय,
बाजारातून संकरित गाय आणली, की हळद-कुंकू वाहून त्याच संध्याकाळी ती गोठ्यातल्या दावणीला बांधली जाते. आमच्या वस्तीवर अशीच एक गाय आली आणि आठवडाभरात वासरं ढासू लागली, नाकं गळू लागली, दुभत्या गाई आटल्या. आणलेली गाय मात्र ठणठणीत दिसत होती! आयबीआर या गुरांच्या संसर्गजन्य श्वसनरोगाचा विषाणू बऱ्या झालेल्या जनावराच्या मज्जातंतूंत जन्मभर दडून राहतो. टेम्पोतला प्रवास किंवा वेताचा ताण पडला, की नाकावाटे पुन्हा बाहेर पडतो. पुढे शिंक-खोकल्याचे तुषार, सामाईक गव्हाण आणि हौद त्याला गोठाभर नेतात. गोठ्या-गोठ्यांतून फिरणारे आपले हात, कपडे, बादल्याही त्याला हातभार लावतात. नवी गाय तीन आठवडे वेगळी बांधावी, तिचं चारा-पाणी सर्वांत शेवटी करावं. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची यात्रा इथे पशुसंवर्धन विभागाने हे ठळक फलकांवर लिहावं. लाळ्या-खुरकूत आपल्याला कळतो. ढासेकडे मात्र ‘हवा बदलली’ म्हणून आपण काणाडोळा करतो आणि वासरं न्यूमोनियाने दगावतात.

– एक दूध उत्पादक, अहमदपूर (जि. लातूर)