डबे माळ्यावर

डोंबिवली,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

काल तुझा फोन आला तेव्हा गच्चीवर आटवलेल्या दुधाचा पेला हातात होता, म्हणून धड बोलता आलं नाही. 'यंदा फराळाला हातच लावणार नाही' हे तू इतक्या गंभीरपणे सांगितलंस की मला हसू आलं. राग मानू नकोस. गेल्या वर्षी मीही हीच प्रतिज्ञा केली होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगावरचं उटणं धुऊन होईपर्यंत टिकली!

मग निदान हिशेब तरी ठेवू म्हणून वजन लिहायला लागलो. वसुबारसेला 78.4 किलो. भाऊबीजेला 78.8. म्हणजे ऐन सणात हात न आखडता खाऊनही फरक जेमतेम. मी खूश. आणि तुळशीच्या लग्नाला बघतो तर काटा 80.3 वर! सगळा घोळ दिवाळी सरल्यावरचा.

कारण समोरच होतं, जेवणाच्या टेबलावरचे पाच डबे. चहाला उकळी येईपर्यंत चार शंकरपाळे. फोनवर बोलता बोलता मूठभर चिवडा. रात्री टीव्हीपुढे तुटकी चकली, कारण तुटकी मोजायची नसते. याला आपण खाणं म्हणतच नाही. भूक नसतेच, फक्त झाकण हाताशी असतं.

एकदा हिने केलेला बेसनाचा लाडू मी काट्यावर ठेवला. (तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते विचारू नकोस.) 40 ग्रॅम. त्यात तूपच दहाएक ग्रॅम. सगळं धरून दोनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे पाऊण तास झपझप चालणं. तो ताटात वाढलेला असला की मी चवीने खातो, बेसन खमंग भाजलंय का ते बघतो. उभ्याउभ्या तोंडात टाकलेल्याची चवसुद्धा आठवत नाही. मला राग आहे तो त्या दुसऱ्या लाडवाचा.

आणि ते गुळाचे शंकरपाळे, 'शुगर फ्री' लाडू वगैरेंच्या नादी लागू नकोस. गूळ पोटात गेल्यावर साखरेपेक्षा फार वेगळा वागत नाही, आणि शुगर फ्री लाडवात तूप तेवढंच असतं. वर पथ्याचं म्हणून आपण दोन जास्त खातो. तुझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची ती तपासणी, 6.2 आलंय ना? त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. दिवाळीचे चार दिवस त्याला एवढे हलवणार नाहीत, पुढचे पंधरा दिवस मात्र त्यात भर घालतील. अर्थात तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य माझ्या पत्राच्या वर.

यंदा आमच्याकडे भाजणी दोनऐवजी एकच किलो दळून आणली. आईला पटलेलं नाही. 'आल्यागेल्याच्या हातावर काय ठेवायचं?' म्हणून दोन दिवस अबोला होता. पण तिनेच काल सांगितलं, पूर्वी फराळ दिवाळीतच दिसायचा, म्हणून त्याचं अप्रूप. आता चकल्या बारा महिने वाण्याकडे टांगलेल्या. तळणीची देखरेखही तिच्याकडेच आहे. तेल नीट तापलं नाही तर चकली तेल पिते, आणि ती नुसत्या आवाजावरून ओळखते. चिवडा पातळ पोह्यांचा, आधी पोहे उन्हात ठेवून, म्हणजे फोडणीला तेल बेताचं पुरतं.

फराळाचं ताट सकाळी, नाश्त्याच्या जागी. पोहे खाऊन वर फराळ नाही. आणि भाऊबीज झाली की डबे माळ्यावर. स्टूल आणा, चढा, दोरी सोडा, एवढा खटाटोप करून कोण शंकरपाळे खातो? (मी खाल्ले तर पत्राने कळवीन.)

लोकांकडे जाण्याचं मात्र मला अजून जमलेलं नाही. ताईसमोर 'नको' म्हटलं की ती आणखी एक करंजी वाढते. तुझ्याकडे काही युक्ती असेल तर सांग.

पाडव्याला येतोयस ना? येताना वहिनींच्या हातचे अनारसे आण. मोजून चार.

तुझा,
नाना