‘अटी व शर्ती’ या शब्दांचा अर्थ भाडेकरारातच लिहावा : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी पुण्यात भाड्याच्या घरात राहतो आणि आजवर पाच लिव्ह अँड लायसन्स करारांवर अंगठा उमटवला आहे. एजंट लॅपटॉप आणि थम्बचे यंत्र घेऊन येतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते मांडतो, आमचे फोटो काढतो आणि चहा निवायच्या आत ‘लिहून देणार’ (मालक) व ‘लिहून घेणार’ (भाडेकरू) दोघेही मोकळे होतात. दुय्यम निबंधक कार्यालयाची फेरी वाचते, ही सोय मोठीच आहे. मात्र मसुदा वाचायला मागितला की ‘साहेब, सगळीकडे हाच असतो’ एवढेच उत्तर मिळते.

गेल्या वर्षी तीन वर्षे राहून एक घर सोडले, तेव्हा मालकांनी साठ हजारांच्या डिपॉझिटमधून अठरा हजार रुपये रंगासाठी कापले. आधार होता तो करारातल्या एका वाक्याचा : जागा आहे त्या स्थितीत ठेवावी आणि नेहमीची झीज वगळता झालेले नुकसान स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे. कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक, सोफ्याची पाठ घासून भिंतीवर उमटलेला पट्टा, पिवळे पडलेले स्विचबोर्ड ही झीज म्हणायची की नुकसान? मालक लबाड नव्हते. घर सोडताना ते रंगवून देणे भाडेकरूचेच काम, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आम्ही दोघांनी तेच वाक्य वाचले आणि आपापला अर्थ घेतला.

आपण ‘अटी व शर्ती’ हे शब्द एका दमात म्हणतो, जणू तो एकच शब्द आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याने मात्र आपल्यापुरता यात फरक केला आहे. कराराच्या मुख्य हेतूलाच धरून असलेली अट मोडली, तर करार नाकारता येतो. दुय्यम स्वरूपाची हमी मोडली, तर केवळ भरपाई मागता येते. म्हणजे पंखा विकत घेताना कायदा जी बारकाई पाळतो, ती राहत्या घराच्या करारात कुठेच दिसत नाही. माझ्या करारात दरमहा पाच तारखेला भाडे देणे आणि भिंतीला खिळा न ठोकणे ही कलमे एकाच पंगतीला बसली आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही अटीचा भंग झाल्यास परवाना, म्हणजे घरात राहण्याची परवानगीच, रद्द करण्याचा अधिकार मालकांना आहे.

कायद्याने घातलेली अट कोणती आणि मालकांनी आपल्या मर्जीने घातलेली कोणती, हेही वाचणाऱ्याला कळत नाही. मुदत संपूनही जागा न सोडल्यास भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मधली तरतूद आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावर टाकली आहे, मग मुदत कितीही असो. (तरीही ‘अकरा महिन्यांचा’ करार करण्याची जुनी सवय काही सुटत नाही.) याउलट, लॉक-इनच्या काळात, म्हणजे घर सोडायचे नाही असे ठरलेल्या सुरुवातीच्या महिन्यांत, घर सोडल्यास उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे द्यावे, हे निव्वळ मालकांचे कलम. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 अशा वेळी करारातल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देऊ करते. पण मसुदा वाचून हे कोणाला कळणार?

शिवाय कलम 24 च्या स्पष्टीकरणानुसार लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. कागदाला एवढे वजन द्यायचे, तर त्यावरचा शब्द सैल असून चालणार नाही.

ऑनलाइन नोंदणीचा साचा आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून ही विनंती आपल्याला. ‘नेहमीची झीज’ म्हणजे काय, हे त्या साच्यात उदाहरणांसह मराठीत लिहावे. कायद्याने आलेली कलमे वेगळी छापावीत आणि कोणत्या अटीच्या भंगाने परवाना रद्द होतो व कोणत्या भंगापोटी फक्त भरपाई द्यावी लागते, हे प्रत्येक कलमाखाली सांगावे. मसुदा अंगठ्याच्या किमान एक दिवस आधी दोन्ही पक्षांच्या हाती पडावा. आणि ताबा देतानाचे भिंतींचे, नळांचे व फरशीचे फोटो कराराला जोडण्याची सोय असावी. सध्या त्यात फोटो आहेत ते फक्त आमच्या दोघांच्या चेहऱ्यांचे.

कळावे,
आपला नम्र,
एक ‘लिहून घेणार’, पुणे