फडातला कोयता

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हूं, हूं" करतोस, आणि इथं कोपीत, या झोपडीत बोलायचं म्हटलं की शेजारचे दहा कान टवकारतात. म्हणून लिहायला बसलो. टोळीतला एक जण मयतीसाठी गावाकडं निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय. नववीत शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही. चुका काढत बसू नकोस.

त्या दिवशी सरांचा फोन आला तेव्हा मी उसाची मोळी खांद्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढत होतो. "शाळेत पोलीस आलेत. तुमच्या पोराच्या दप्तरात कोयता सापडला." मला आधी कळेचना की कोयत्यासाठी पोलीस कशाला? आपल्या घरात दाराआड कोयता, आढ्याला कोयता. आपल्याकडं माणसंसुद्धा कोयत्यानं मोजतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. तुझी आई आणि मी एका कोयत्याची आगाऊ उचल घेऊन दसरा झाला की निघालो, ते इकडं सांगलीकडं.

रात्रीच्या गाडीनं आलो. दोन खाडे पडले, मुकादम तोंड वाकडं करून बसलाय. ते जाऊ दे.

वाटभर डोळ्यांपुढं कोठडीचे गजच होते. ठाण्यात आलो तर तू बाहेर बाकावर, हातात बिस्किटाचा पुडा, तोही न फोडलेला. शेजारी साध्या कपड्यातल्या बाई बसलेल्या. मला वाटलं कुणाची तरी आई असेल. त्याच बालकल्याण पोलीस अधिकारी निघाल्या. त्यांनी सांगितलं, अठराच्या आतल्या पोराला कोठडीत घालता येत नाही. २०१५ चा कायदा आहे. ताब्यात घेतलंच तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. पोराचं नाव किंवा शाळेचं नाव पेपरात आलं तर छापणाऱ्यावरच गुन्हा. गावातल्या ग्रुपवर कुणीतरी शाळेपुढच्या जीपचा फोटो टाकला होता, खाली तुझं नाव लिहून. बाईंनी माझ्यासमोर फोन लावून तो काढायला लावला. पण ज्यांनी बघायचा त्यांनी तोवर बघितला होता, हे तुलाही माहीत आहे.

मी बाईंशी वाद घातला. म्हटलं, मॅडम, आमच्या ट्रॅक्टरवर वीस-वीस कोयते असतात, नाक्यावरचा हवालदार नुसता गाडीचे कागद बघतो. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. नुसत्या शेतीसाठी बनवलेली वस्तू १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र धरत नाहीत. "पण तुमच्या फडात ऊस आहे. वर्गात काय तोडायचं होतं त्याला?"

मला उत्तर आलं नाही. तूही मान वर केली नाहीस.

मग त्यांनी ऑगस्ट २०२४ मधलं उदयपूरचं सांगितलं. दहावीतली दोन पोरं, भांडण झालं, एकानं दुसऱ्याला चाकू मारला, पोरगं दवाखान्यात गेलं ते परत आलं नाही. पुढच्याच ऑगस्टात अहमदाबादेत तसंच, शाळेच्या बाहेर, तेही पोरगं दहावीचंच. सोळा पूर्ण झालेल्या पोरानं खुनासारखं काही केलं तर त्याला मोठ्या माणसासारखं कोर्टात उभं करायचं का, हे मंडळ तपासतं. तुला सोळा व्हायला सात महिने राहिलेत. मी बोटांवर मोजले.

सरांवर मी चिडलो होतो. आधी मला सांगायचं, पोलिसांना नंतर. ते म्हणाले, "तुम्ही तीनशे किलोमीटरवर. तोवर मी त्या वर्गाचं काय करू?" खरं आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ११२ लावला असता. पण ऑफिसच्या भिंतीवर ती लोखंडी तक्रारपेटी आहे ना, तिच्या कुलपाला गंज चढलाय. शेवटची कधी उघडली ते शिपायालाही सांगता येईना. शेजारी पोरांच्या मदतीचा १०९८ नंबर रंगवलाय, त्यातला ९ उडालाय. तू त्या पेटीत चिठ्ठी टाकली असतीस तरी ती तिथंच पडून राहिली असती. आणि आम्ही तरी रोज फोनवर काय विचारलं? जेवलास का, आजीचं औषध आणलं का.

तू बाईंना एवढंच म्हणालास म्हणे, "भ्या वाटायलं होतं." कुणाचं, ते त्यांना सांगितलं नाहीस, मलाही नाही.

आता माझं ऐक. हे तुझ्या आईलाही धड माहीत नाही. लग्नाच्या आधीच्या हंगामात पाण्याच्या टँकरवर माझं दुसऱ्या टोळीतल्या एकाशी वाजलं. माझ्या हातात कोयता होताच, मी उगारला. मला वाटलं तो भिऊन मागं सरेल. तो मागं सरला, त्याच्या कोपीत गेला आणि त्याचा घेऊन आला. म्हाताऱ्यांनी मधी पडून सोडवलं. पण पुढं आठ दिवस दोन्ही टोळ्यांतली माणसं कोयता उशाला घेऊन झोपली. बायका पोरांना घेऊन लघवीलाही बाहेर पडेनात. ज्याला भिववायचं म्हणून मी उगारला, त्याच्याच भ्यानं मला झोप नव्हती. हंगाम संपल्यावर आम्ही दोघं एकाच ट्रकमधून परतलो, बार्शीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

तुमच्या शाळेतली ती दहावीची पोरं तुला काय म्हणतात, ते तुझ्या दोस्तानं मला सांगितलं. "कोयत्याचं पोरगं." म्हणून तू खराच कोयता नेलास का रे? दाखवायला? की ते पैसे मागतात त्यासाठी? मी मारणार नाही. आल्यावरही विचारणार नाही सगळ्यांसमोर. आजीच्या फोनवरून रात्री नऊनंतर लाव, तेव्हा मी एकटा गाडीपाशी असतो. बाईंचा नंबर आजीच्या पिशवीत आहे, त्यांनाही लावलास तरी चालेल. त्यांच्याशी बोलायला तुला सोपं जातं असं दिसलं.

स्टेशन डायरीत नोंद झालीय. बीडला मंडळापुढं बोलावलं की मी येईन, अजून एक खाडा पडला तर पडला. शाळा सोडायची नाही. सरांनी तुला परत बसवायचं कबूल केलंय, पहिल्या दिवशी सगळे बघतील, बघू देत.

तुझी आई रडली नाही. तिनं एकच विचारलं, मुद्देमालात ठेवलेला तो कोयता परत मिळतो का. बाभळीची मूठ तिच्या बापानं बसवून दिली होती.

तुझा,
अण्णा