फळ्याच्या कोपऱ्यातले गणित

आदरणीय जयंत नारळीकर सर,
सादर प्रणाम.

२० मे २०२५ रोजी आपण पुण्यात अखेरचा श्वास घेतलात, तेव्हापासून हे पत्र लिहायला घेतो आहे आणि दर वेळी ते शोकसभेतल्या भाषणासारखे होऊ लागले की फाडून टाकतो आहे. खगोलशास्त्रज्ञ म्हणून आपल्या पदव्या आणि पुरस्कार सर्वांना पाठ आहेत, ते इथे पुन्हा मांडत बसत नाही. मला आभार मानायचे आहेत ते एका अगदी लहानशा गोष्टीबद्दल, आणि ती गोष्ट बनारसमधल्या आपल्या घरातल्या फळ्याची आहे.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझी तास घेण्याची रीत ठरून गेली होती: उदाहरण फळ्यावर लिहायचे, अर्धा मिनिट वाट पाहायची, कोणाचा हात वर आला नाही की स्वतःच सोडवून दाखवायचे आणि घंटा व्हायच्या आत फळा पुसून मोकळे व्हायचे. पोर्शन वेळेत पूर्ण होई, मुख्याध्यापक खूश असत, आणि सहामाहीच्या पेपरात तेच उदाहरण आकडे बदलून घातले की निम्मा वर्ग कोरा कागद देई. त्याच सुमारास आपले ‘चार नगरांतले माझे विश्व’ वाचनात आले. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी, घरात मुलांसाठी भिंतीवर फळे. आणि शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर आपल्याला आव्हान म्हणून एखादे अवघड गणित लिहून ठेवत, हे मी तिथे वाचले. ते गणित आपण सोडवेपर्यंत, नाहीतर हार कबूल करेपर्यंत, फळ्यावर तसेच राहत असे. जेवताना, खेळून आल्यावर, झोपायला जाताना ते समोर असणार. त्याला कोणी गुण देणार नव्हते आणि त्याची परीक्षाही होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या फळ्याचा उजवीकडचा वरचा कोपरा खडूने चौकट आखून वेगळा केला आणि त्यात लिहिले: १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवडा, त्यांतली एखादी संख्या दुसऱ्या एखादीला निःशेष भागतेच भागते, ते का? पहिले चार दिवस कोणी तिकडे पाहिलेही नाही. नंतर मधल्या सुट्टीत तीन-चार जण संख्या निवडून मला खोटे पाडायचा प्रयत्न करू लागले आणि दर वेळी कुठे ना कुठे जोडी सापडून चिडू लागले. बाराव्या दिवशी मागच्या बाकावरची, तोंडातून सहसा शब्द न काढणारी एक मुलगी उठली आणि तिने रांगा लिहायला सुरुवात केली: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, मग ३, ६, १२, २४, ४८, ९६, मग ५, १०, २०, ४०, ८०. प्रत्येक रांगेची सुरुवात विषम संख्येने होते आणि पुढची प्रत्येक संख्या आधीच्या संख्येची दुप्पट असते, एवढे तिने दाखवले. शंभरात विषम संख्या पन्नासच, म्हणून रांगाही पन्नासच. एक्कावन्न संख्या घेतल्या तर दोन तरी एकाच रांगेत येणार, आणि एकाच रांगेतली लहान संख्या मोठीला भागतेच. तिचे बोलून झाल्यावर वर्ग काही क्षण गप्प होता. सर, त्या बारा दिवसांत मी काहीही शिकवले नव्हते. त्या चौकटीवर डस्टर फिरवायचे नाही, एवढेच पथ्य पाळले होते.

त्यानंतर मी आपल्याविषयी जे जे वाचले, त्यात मला तो फळाच दिसत राहिला. १९५७ साली आपण केंब्रिजला गेलात, वडिलांप्रमाणेच रँग्लर झालात, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवलात, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली १९६३ साली पीएच.डी. मिळवलीत, आणि १९६४ साली गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत जगापुढे आला. त्याचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, पण त्यामागचा, भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा प्रश्न मी वर्गात एसटीच्या उदाहरणाने सांगतो. चालकाने करकचून ब्रेक दाबला की आपण पुढे फेकले जातो. शरीराचा हा हट्ट, म्हणजे जडत्व, येतो कुठून? तो वस्तूचा स्वतःचा गुण आहे, की दूरदूरच्या साऱ्या ताऱ्यांनी आणि दीर्घिकांनी मिळून तिला दिलेला आहे? आपल्या सिद्धांतात कणाचे वस्तुमान हे उरलेल्या विश्वाच्या प्रभावातून ठरते. विश्व रिकामे करून एकच कण शिल्लक ठेवला तर त्याला वस्तुमानच उरणार नाही, असे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

या कामाची जगभर चर्चा झाली आणि १९६५ साली, वयाच्या २६व्या वर्षी, आपल्याला पद्मभूषण मिळाले. विश्वाला आरंभ नाही, ते पसरत असतानाच अत्यंत विरळ प्रमाणात नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि त्यामुळे त्याची घनता तीच राहते, ही स्थिर स्थितीची कल्पना आपण हॉईल यांच्यासह मांडत होतात. आणि नेमक्या त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी अवकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर केले. विश्वाची सुरुवात अतितप्त, अतिदाट अवस्थेतून झाली असे सांगणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धांताला असे प्रारण अपेक्षितच होते, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांच्या दृष्टीने त्याच्या बाजूने निकाल लागला आणि फळा पुसला गेला. आपण मात्र तो प्रश्न सोडला नाही. १९९३ साली हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासोबत आपण स्थिरवत, म्हणजे जवळजवळ स्थिर, स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडलात आणि त्या प्रारणाचाही वेगळा खुलासा देऊन पाहिलात. प्रांजळपणे सांगतो, मला स्वतःला महास्फोटाचीच बाजू बळकट वाटते, आणि मुलांनाही मी तेच शिकवतो. पण सगळे एका बाजूला असताना सभ्यपणे, आकडेमोड हातात घेऊन दुसऱ्या बाजूला कसे उभे राहायचे, हे दाखवायला माझ्याजवळ आपल्याइतके चांगले उदाहरण नाही.

२००८ सालचा ज्योतिषाचा प्रयोगही मी दर वर्षी सांख्यिकीच्या पाठाला जोडून सांगतो. फलज्योतिषावर टीका करणारे पुष्कळ असतात. आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांपुढे चक्क गणित ठेवले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या सरमिसळ करून प्रत्येकी चाळीस याप्रमाणे दिल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांची उत्तरे आली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवूनही साधारण निम्मी उत्तरे बरोबर येतात, हे मी सांगत नाही. वर्गाला नाणी देतो आणि प्रत्येकाकडून चाळीस वेळा उडवून घेतो.

आता एक कबुली. सही मागायला येणाऱ्या मुलांना आपण पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत होतात, उत्तर सहीसकट येईल असे आश्वासन देत होतात, आणि ते पाळतही होतात. आठवीत असताना हे कुठेतरी वाचून मीही १५ पैशांचे पोस्टकार्ड आणले. पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. मजकुराची बाजू कोरी राहिली, कारण आठ वर्षे शाळेत जाऊनही मला विचारण्याजोगा एकही प्रश्न सुचेना. जे सुचे त्याचे उत्तर पुस्तकात असे, आणि पुस्तकात नसलेले विचारायची सवयच कोणी लावलेली नव्हती. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “सर, सगळे विश्व पसरत आहे, मग आपला वर्ग का नाही पसरत? बाकं तरी लांब व्हायला हवीत ना?” मी तोंडाशी आलेले उत्तर गिळले आणि प्रश्न चौकटीत लिहून टाकला. तेव्हापासून एकाने फुगा आणून त्यावर शाईचे ठिपके काढले, दुसरीने ठिपक्यांऐवजी टिकल्या चिकटवल्या आणि फुगा फुगला तरी टिकली मोठी होत नाही हे सर्वांना दाखवले. टिकली तशीच का राहते, तिला कोण धरून ठेवते, यावर सध्या वाद चालू आहे आणि दोन गट पडले आहेत. शिपाईकाकांना मी तो कोपरा पुसू नका असे सांगून ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
एक गणित शिक्षक