पॉल बटरफिल्डचं सोडा, मी ठीक आहे

शिकागो

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, कोट जाड, ऑफिसचं नेहमीचंच.

बाबा, फोनवर मी ब्लूज (इथल्या काळ्या लोकांचं संगीत) वाजवणाऱ्या पॉल बटरफिल्डचं कौतुक काय केलं, तुम्ही लगेच त्याचा शेवट शोधून काढलात! हो, १९८७ मध्ये ४४ व्या वर्षी गेला, आणि नशेनेच गेला. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. मी राहतो त्याच हाइड पार्कमध्ये तो वाढला. त्याचेही वडील वकीलच. आधी रीतसर बासरी शिकला, मग माउथ ऑर्गन हाती घेतला (तोही उलटा धरायचा, खर्जाचे सूर उजवीकडे) आणि साउथ साइडच्या क्लबांत मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर या काळ्या ब्लूजवाल्यांना ऐकत बसायला लागला. हाउलिंग वुल्फ या ब्लूज गायकाकडे वाजवणारे सॅम ले आणि जेरोम अर्नोल्ड हे काळे वादक पुढे या गोऱ्या पोराच्या बँडमध्ये आले. तेव्हाच्या अमेरिकेत गोरे-काळे एका बँडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. १९६५ मध्ये पहिली रेकॉर्ड, १९६९ मध्ये वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. तोवर तो नव्हता, हे खरंय.

आई, 'बारमध्ये कशाला जातोस' याचं उत्तर. इथे आठवड्यातून एक रात्र जॅमची असते. काउंटरवर कागद ठेवलेला असतो, त्यावर नाव आणि वाद्य लिहायचं. मग यजमान बँडचा माणूस पुकारतो आणि ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही असे चार-पाच जण स्टेजवर चढतात. तालीम नाही, ओळख नाही. एकादशीच्या भजनात कुणीही टाळ उचलावा तसं. गिटारवाला गाण्याची पट्टी म्हणून नुसतं 'ई' म्हणतो. मी 'ए' पट्टीचा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, काढतो. हो, दुसऱ्याच पट्टीचा! ब्लूजमध्ये फुंकण्यापेक्षा श्वास ओढून वाजवायचं असतं, ओढतानाच सूर खाली वाकवायचा, म्हणून ही उलटी तऱ्हा. प्रत्येक पट्टीला वेगळा बाजा लागतो. व्हिडिओ कॉलवर तुला दिसली ती डब्यांची पिशवी त्याचीच, औषधांची नव्हे. दोन-तीन गाणी झाली की खाली उतरायचं. माउथ ऑर्गनवाले नेहमीच जास्त असतात, त्यामुळे माझा नंबर उशिरा लागतो. घरी यायला रात्र होते ती त्यामुळे. मी सोडा पितो. आणि इथे २००८ पासून बारमध्ये सिगारेटला बंदी आहे, धुराचं मनात आणू नकोस.

नोकरी सोडण्याचा विचार नाही. तो विषय फोनवर परत काढू नका.

छोटीच्या लग्नाच्या हॉलसाठी दीड लाख पाठवलेत, खात्यात बघा. मायक्रोफोन घेतला तो त्यानंतर, आणि जुनाच घेतला. साखरपुड्याला मात्र येता येणार नाही. व्हिसाच्या कागदांचं अडलंय. लग्नाला नक्की. छोटी फोन उचलत नाही माझा, तिला तूच समजाव. पाहिजे तर हॉलच्या सजावटीचेही पैसे मीच देतो.

कोल्हापूरच्या स्थळाला माझी ना नाही, पत्रिका बघा. मी बाजा वाजवतो एवढं आधीच सांगून टाका. बारचं मी सांगेन.

तुमचा,
दादू