काका, तो स्क्रू अजून जपून ठेवलाय

कँटन, मिशिगन

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. गॅरेजमध्ये एकदा प्रयत्न केला तर "आधी तो पाना जागेवर ठेव" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. जुन्या गाड्या बाळगणारी आपली आणखी काही माणसं इकडे आहेत, आणि माझ्या मस्टँगच्या कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) तुम्हाला चुकीच्या जागी जो स्क्रू सापडला, तसलाच त्यांच्यापैकी निदान दोघांकडे असणार, असा मला दाट संशय आहे.

माझी फोर्ड मस्टँग १९६९ ची. इंजिन ३५१ घनइंचांचं, विंडसर नावाचं, गिअर तीन आणि ऑटोमॅटिक. चासी नंबरची सुरुवात ९एफ, म्हणजे ती आपल्या घरापासून अर्ध्या तासावरच्या डिअरबॉर्नमध्ये बनलेली. कंपनीचा मूळ ऑटोलाइट कार्बोरेटर कुणीतरी कधीच उतरवून त्या जागी हॉली कंपनीचा ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा घेऊ शकणारा, बसवलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळायचं ते इतकंच, की पेडल दाबलं की गाडी क्षणभर गप्प होते आणि मग असा धक्का देते की पाठ सीटला चिकटते. त्या धक्क्यावर मी खूश होतो. गणपतीला आलेल्या प्रत्येकाला बाजूला बसवून तो दाखवला. तुम्हालाही दाखवला. तुम्ही खाली उतरलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अरे, हा पिकअप नव्हे. हिला उचकी लागलीय."

मला राग आला होता, काका. आज कबूल करतो.

त्याच आठवड्यात एका दुकानदाराने मला ७५० सीएफएमचा डबल पंपर, म्हणजे आणखी मोठा कार्बोरेटर, घ्यायला जवळजवळ राजी केलं होतं. तुम्ही मंडळाच्या एका जुन्या आमंत्रणाच्या पाठीवर हिशोब मांडलात: ३५१ घनइंच गुणिले ५५०० फेरे, भागिले ३४५६ हा ठरलेला आकडा. उत्तर आलं सुमारे ५५९ घनफूट प्रति मिनिट. मग म्हणालात, रस्त्यावरचं इंजिन कधी पूर्ण भरत नाही, पंच्याऐंशी टक्के धर. ४७५. "तुझ्याकडे ६०० आहे. घशापेक्षा मोठा घास कशाला?" तो कागद मी फ्रिजवर लावलाय. दुकानदाराला फोन करून नाही म्हटलं आणि माझे चारशेहून जास्त डॉलर वाचले, पण ते आभार आत्ता बाजूला ठेवतो.

कार्बोरेटरला तुम्ही पहिल्या दिवशी हातच लावू दिला नाहीत. आधी प्लग, मग पॉइंट्स, मग टायमिंग लाइट. नंतर फ्लोट बोलच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, बाजूचा छोटा स्क्रू काढून पेट्रोलची पातळी: चालू इंजिनवर पेट्रोल त्या भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलं पाहिजे. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवल्याशिवाय तो स्क्रू सोडू दिला नाहीत. मग इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू पाव-पाव आट्याने फिरवले, काटा जिथे सगळ्यात वर जाईल तिथे थांबवले. गिअरमध्ये टाकून १४ इंच आले. भार आला की जादा पेट्रोल सोडणारा पॉवर व्हॉल्व्ह त्याच्या निम्म्याच्या जवळपास हवा: निम्मे ७, आत होता साडेसहाचा. "हे ठीक आहे, याला छेडू नकोस," म्हणालात. सबंध शनिवार यात गेला आणि उचकी होती तिथेच. मी वैतागलो होतो. काकूंनी खिचडी पाठवली नसती तर मी घरी गेलो असतो.

रविवारी तुम्ही आरसा आणि टॉर्च घेऊन मागच्या बाजूला वाकलात आणि हसायला लागलात. पुढच्या आणि मागच्या थ्रॉटलला, म्हणजे हवेच्या झडपांना, जोडणाऱ्या लिव्हरमध्ये एक लांबट खाच असते, आणि त्या खाचेत कुणीतरी स्क्रू घट्ट करून ठेवला होता.

तुम्ही तिथे स्टुलावर बसून जे समजावलंत ते इथे लिहितो, चुकलं तर कान धरा. या कार्बोरेटरची मागची दोन बॅरल, म्हणजे हवेच्या नळ्या, पायाने उघडायची नसतातच. पुढच्या बॅरलमधून हवा जोरात जाऊ लागली की तिथल्या व्हेंचुरीत, म्हणजे अरुंद गळ्यात, ओढ तयार होते. ती ओढ बाजूच्या डब्यातल्या डायफ्रॅमला, म्हणजे लवचिक पडद्याला, खेचते आणि तो डायफ्रॅम मागच्या झडपा हळूहळू उघडतो. म्हणजे किती उघडायचं ते इंजिन ठरवतं. आणि म्हणूनच मागच्या बाजूला पेडल दाबताच जादा पेट्रोल फवारणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप दिलेलाच नाही. स्क्रू घालून त्या झडपा पायाला बांधल्या, की अचानक नुसती हवा आत येते, तिच्या जोडीचं पेट्रोल मागाहून. मधल्या वेळात इंजिन दबतं, पेट्रोल पोचलं की उसळतं. मी वर्षभर ज्याला ताकद समजत होतो तो त्या खड्ड्यातून वर येतानाचा आचका होता.

मग स्क्रू घातला कुणी आणि का? तुमचा अंदाज मला पटतो. आधीच्या कुणा मालकाने उभ्या गाडीत रेस देऊन पाहिलं असणार, मागच्या झडपा हलल्या नाहीत, म्हणून त्या बिघडल्या असं ठरवलं. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो, तेवढी हवा लागतच नाही, झडपा हलणार कशा?

गंमत म्हणजे त्याच्या वेळीही गाडीत खरोखरच बिघाड असू शकेल. स्क्रू काढला, तुम्ही डायफ्रॅमच्या दांड्यावर कागदांना लावायची वाकड्या तारेची टाचणी डब्याच्या बुडाला टेकवून अडकवलीत, म्हणजे दांडा वर गेला की ती खाली सरकेल, आणि एम-१४ हायवेच्या रॅम्पवर मला पूर्ण पेडल दाबायला लावलंत. बॉनेट उघडून पाहिलं तर टाचणी जागची हललेली नाही. डबा उतरवला, दांडा आत ढकलून हवेच्या भोकावर बोट ठेवलं, सोडल्यावर दांडा लगेच खाली घसरला. डायफ्रॅम फाटका. शिवाय डबा जिथे कार्बोरेटरला जोडतो तिथलं नखाएवढं पॅकिंग गायब. नवा डायफ्रॅम बसवताना आतली चिमुकली गोळी माझ्या हातून ड्राइव्हवेवर घरंगळली, ती शोधायला तुम्ही या वयात गुडघ्यावर बसलात. झडपा सावकाश उघडतात आणि झटकन मिटतात ते त्या गोळीमुळे, हे मला नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी नीट धरली असती.

मागच्या झडपा मिटलेल्या धरणारी स्प्रिंग त्याच डब्यात असते, आणि ती बदलून पाहायचा दिवस मला सगळ्यात आवडला. बिनरंगी स्प्रिंगवर टाचणी दोन-तीन मिलिमीटर सरकली. त्याहून हलक्या जांभळीवर जवळजवळ पाऊण अंतर. मला हाव सुटली, आणखी हलकी, आखूड पिवळी टाकली, आणि उचकी परत! तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता जांभळीसाठी हात पुढे केलात. इंजिन न दबता चालेल अशी सगळ्यात हलकी स्प्रिंग, हे तुमचं माप, आणि मी स्वतः चूक करून ते शिकेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत.

ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, गाडी नेली. गर्दीत पहिल्या गिअरच्या वर जायची सोयच नव्हती, तेव्हा मागची बॅरल काही उघडली नाहीत. पण परतताना रॅम्पवर पेडल दाबलं आणि धक्का आलाच नाही. आवाज जाड होत गेला आणि काटा चढत राहिला. बायको म्हणाली, "आज गाडी जरा मंद वाटतेय का?" मी तिला स्पीडोमीटर दाखवला, मग चटकन पाय काढला.

तो स्क्रू किल्ल्यांच्या वाटीत आहे. तुमचा व्हॅक्यूम गेज अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. खिचडीचा डबाही.

तुमचा,
मस्टँगवाला शेजारी