वसतिगृहाच्या मैत्रिणी शोधून देणाऱ्यांचे आभार

आमच्या कन्या वसतिगृहातील माजी विद्यार्थिनींचे स्नेहसंमेलन येत्या हिवाळ्यात, भरिताची वांगी बाजारात आली की, भरवण्याचे ठरले आहे. लग्नानंतर आडनावे बदललेल्या मैत्रिणी शोधणे हेच मोठे काम होते. त्यातच नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला असल्याने आमच्या जुन्या नोंदवहीत शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथील सगळे पत्ते धुळे जिल्ह्यातच होते. तरीही त्या जुन्या पत्त्यांवर आम्ही पाठवलेली पत्रे योग्य दारी पोहोचवणारे टपालवाले, पत्र वाचून थेट आमच्या मैत्रिणीच्या सासरी फोन लावून देणारे शहाद्याचे किराणा दुकानदार आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आपणच थापणार असे बजावणाऱ्या स्वयंपाकघरातील मावशी यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. नावे छापू नयेत ही त्यांचीच अट (मावशींनी तर दटावूनच सांगितले), म्हणून ती येथे दिलेली नाहीत.